कार्ड दिसत नाही, म्हणजे नेमके काय?

आमच्या संगणक-विभागात एक वाक्य असे आहे की ते उच्चारले गेले की पुढचा सारा विचार थांबतो. ते वाक्य म्हणजे, ‘सर, कार्ड दिसत नाही.’ कार्ड म्हणजे नेटवर्क कार्ड, आणि ते ज्याला दिसत नाही तो म्हणजे लिनक्स. वाक्य ऐकताच उपायही ठरलेले आहेत. पहिला उपाय, सगळे पुसून लिनक्स पुन्हा घाला. दुसरा उपाय, लिनक्सच काढा आणि विंडोज घाला. तिसरा उपाय, ते यंत्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, वर्षअखेरीस ते भंगाराच्या यादीत जाईलच. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधी करून ठेवली, याचे मला राहून राहून नवल वाटते.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ‘कार्ड दिसत नाही’ हे निदान नव्हे. ‘पोटात दुखते’ असे रोगी सांगतो तेव्हा डॉक्टर लगेच पोट कापायला घेत नाही, कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे विचारतो. तसेच हे आहे. या एका वाक्याच्या पोटात चार-पाच निरनिराळी दुखणी दडलेली असतात, प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि त्यांतील बहुतेकांना एक पैसाही लागत नाही. लागतो तो दहा मिनिटांचा धीर. आणि तो धीर शिकवला जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

वाचकहो, कार्ड ‘दिसते’ म्हणजे काय होते, हे थोडे पाहू. पूर्वी ही गोष्ट फार कष्टाची होती. नोव्हेल कंपनीच्या एनई-२००० या प्रसिद्ध कार्डाचे उदाहरण घ्या. त्या काळी कार्डावर इवल्याशा टोप्या असत, त्यांना जंपर म्हणत. त्या हाताने हलवून कार्डाचा पत्ता आणि त्याची हाक मारण्याची ओळ ठरवावी लागे. या कार्डाची ठरलेली ओळ ३ क्रमांकाची, आणि संगणकाचे दुसरे सिरियल पोर्टही नेमके त्याच ओळीवर बसलेले! एका घंटेवर दोन चपराशी. घंटा वाजली की धावायचे कोणी, हा घोळ. कार्ड उत्तम, संगणक उत्तम, आणि तरी दोघांची गाठ पडत नसे.

१९९२ साली पीसीआय ही नवी व्यवस्था आली आणि हा प्रश्न बराचसा सुटला. आता संगणक सुरू होताना प्रत्येक खाचेला हाक मारली जाते आणि त्या खाचेतले उपकरण आपले दोन क्रमांक सांगते, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि एक त्या वस्तूचा. खाच रिकामी असेल तर उत्तरात नुसते एकच एक येतात, म्हणजे ‘गैरहजर’. आपल्या वर्गातल्या हजेरीसारखेच हे आहे, फरक इतकाच की येथे दुसऱ्याची हजेरी लावता येत नाही. रिअलटेकचा क्रमांक १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, जो तिच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचे नाव आहे. मोठ्या कंपन्यांनाही मिरवण्याची हौस असते!

तेव्हा पहिला प्रश्न एकच. हजेरीत कार्डाचे नाव आहे का? लिनक्सवर त्यासाठी ‘एलएस-पीसीआय’ नावाची आज्ञा आहे. तिच्यापुढे उणे-चिन्ह देऊन एन-एन-के ही अक्षरे लिहिली की कार्डाचे नाव, त्याचे दोन क्रमांक आणि त्याला कोण चालवतो आहे, हे सारे एकाच ठिकाणी वाचायला मिळते. कार्ड यूएसबीचे असेल तर ‘एलएस-यूएसबी’. दहा सेकंदांचे काम. पण ही आज्ञा न देताच आठ-आठ दिवस शोध करणारे वीर मी पाहिले आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हजेरीत नावच नसेल, तर मग लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे पेचकस हाती घ्यावा. बायोसमध्ये कोणी अंगचे नेटवर्क बंद करून ठेवले आहे का, ते पाहावे. कार्ड खाचेत नीट बसले आहे का, ते पाहावे. आपल्या बेळगावचा पावसाळा वाचकांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तेथे कार्डाच्या सोनेरी दातांनी काय पाप केले आहे? आमच्या विभागातले मामा अशा वेळी कार्ड काढून त्याचे दात साध्या खोडरबराने हलकेच पुसतात आणि पुन्हा घट्ट बसवतात. त्या खोडरबराने जितकी कार्डे जिवंत केली, तितकी आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीने केलेली नाहीत. आणखी एक गोष्ट. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर कधीकधी विंडोज बंद होताना कार्डाला झोपवून जाते आणि लिनक्सला ते उठवता येत नाही. अशा वेळी यंत्र बंद करून भिंतीतली पिनच काढावी, मिनिटभर थांबावे, आणि मग सुरू करावे. हा उपाय अडाणी वाटतो, पण पुष्कळदा लागू पडतो.

आता दुसरा प्रकार, आणि सर्वांत जास्त आढळणारा. हजेरीत नाव आहे, पण त्याला चालवणारा कोणी नाही. येथे ‘ड्रायव्हर’ या शब्दाचा अर्थ ध्यानात घ्यावा. कार्ड ही गाडी आणि ड्रायव्हर म्हणजे तिचा चालक. कर्नेल, म्हणजे या प्रणालीचा गाभा, कार्डाचे दोन क्रमांक वाचतो. मग आपल्याजवळच्या यादीत ‘ही गाडी कोणाला चालवता येते’ हे शोधले जाते आणि त्या चालकाला बोलावणे जाते. यादीत क्रमांकच नसेल तर गाडी दारात उभी, आणि किल्ली घ्यायला कोणी नाही.

रिअलटेकच्या ८१२५ या चिपचे उदाहरण बोलके आहे. अडीच गिगाबिट वेगाची ही चिप अनेक नव्या मदरबोर्डांवर येऊ लागली. तिला चालवण्याची विद्या लिनक्सच्या नेहमीच्या आर-८१६९ या ड्रायव्हरला मिळाली ती कर्नेलच्या ५.४ या आवृत्तीत, नोव्हेंबर २०१९ मध्ये. आणि डेबियन १० ही आवृत्ती त्याच वर्षी जुलैत निघाली ती ४.१९ कर्नेल घेऊन. म्हणजे नवा कोरा संगणक आणि अवघ्या काही महिन्यांपूर्वीची चकती, यांची भेट झाली की ‘कार्ड दिसत नाही’! कोणाचे काही बिघडलेले नसते. नवा विद्यार्थी आला आणि हजेरीपट मात्र गेल्या वर्षीचा निघाला, एवढेच. अशा वेळी तीच चकती तीनदा घातली तरी तिन्ही वेळा उत्तर तेच येणार. हवे असते ते नवे कर्नेल. पण हे कळायचे तर कार्डाचा क्रमांक वाचायला हवा.

या बाबतीत फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली दुसरी प्रणाली मला अधिक सरळ वाटते. तिच्यात चालक मिळालेल्या कार्डाला चालकाचेच नाव मिळते, आणि चालक न मिळालेल्या उपकरणापुढे ती चक्क ‘नन’ आणि शून्य, एक, दोन असे आकडे लिहून मोकळी होते. नन म्हणजे कोणी नाही. ओपनबीएसडी तर सुरू होतानाच ‘हे उपकरण जुळलेले नाही’ असे पडद्यावर सांगते. लिनक्स मात्र अशा जागी गप्प बसतो. चालकाची ओळ तेथे नसते, आणि नसलेली ओळ डोळ्यांना दिसावी कशी? लिनक्सचा मी चाहता आहे, तरी हा दोष मला मान्य करावा लागतो.

तिसरा प्रकार जरा चमत्कारिक आहे. गाडी आहे, चालक आहे, पण गाडीत तेल नाही. कित्येक कार्डांच्या, विशेषतः वायफायच्या कार्डांच्या, पोटात स्वतःचा एक छोटा संगणक असतो. त्याला लागणारा कार्यक्रम दर वेळी बाहेरून भरावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. ही फाइल कंपनीची मालमत्ता, तिचा मूळ मजकूर कंपनी देत नाही, आणि म्हणून स्वातंत्र्यवादी मंडळी ती आपल्या चकतीत ठेवायला वर्षानुवर्षे तयार नव्हती. त्यांचे तत्त्व मोठे आहे, ते मी हसण्यावारी नेत नाही. त्याच तत्त्वापायी ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांचा चालक कंपनीच्या मदतीशिवाय तयार झाला. एका गटाने चिपचे वागणे तपासून त्याची टिपणे काढायची आणि दुसऱ्या गटाने मूळ काही न पाहता केवळ त्या टिपणांवरून चालक लिहायचा, अशा पद्धतीने. तो २००६ साली २.६.१७ या कर्नेलमध्ये आला. कंपनीने स्वतःचा खुला चालक दिला तो २०१० च्या सप्टेंबरात. चार वर्षे ज्यांनी वाट न पाहता काम केले, त्यांना माझा नमस्कार.

पण तत्त्वाची किंमत कोण मोजतो, हाही प्रश्न आहे. ज्याच्या घरी दुसरा संगणक आहे, तो फर्मवेअर दुसरीकडून आणतो. ज्याच्याजवळ एकच यंत्र आहे आणि त्यालाही नेट नाही, त्याने काय करावे? नेट सुरू करायला फाइल हवी, आणि फाइल आणायला नेट हवे. विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीच्या तळाशी. डेबियनच्या मंडळींनी यावर २०२२ साली रीतसर मतदान घेतले आणि फर्मवेअर अधिकृत चकतीत घालायचे ठरवले. जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले. काहींना ही तडजोड वाटली. मला तो शहाणपणा वाटतो. तत्त्व पाळणाऱ्याने आपल्या दारातून येणाऱ्याला निदान आत तरी येऊ द्यावे, मग समजावून सांगावे.

हे मी पुस्तकी म्हणत नाही. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातली प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी आपला लॅपटॉप घेऊन आली. ती खानापूर भागातली. लॅपटॉप चुलतभावाने वापरून दिलेला. त्यात लिनक्स घातले आणि वायफाय नाहीसे झाले. ‘दादा, दुकानदार म्हणाले, मदरबोर्डच गेला. बदलायला चार आकडी रक्कम सांगितली. बाबांना कसं सांगू?’ तिचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. मी आणि कन्नड विभागातला माझा एक मित्र, दोघे बसलो. हजेरीत कार्ड होते. चालकही होता. मग कर्नेलची दैनंदिनी उघडली. तिला ‘डी-मेसेज’ म्हणतात. यंत्र सुरू झाल्यापासून काय काय घडले ते सारे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते. त्यात स्वच्छ लिहिले होते की अमुक नावाची फर्मवेअर फाइल भरता आली नाही, चूक क्रमांक उणे २. युनिक्सच्या भाषेत उणे २ म्हणजे ‘अशी फाइल येथे नाही’. बस्स! मदरबोर्ड कोठे आणि हे कोठे! तिचाच मोबाइल वायरने लॅपटॉपला जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केले, मोबाइलच तात्पुरते नेटवर्क कार्ड झाला. फाइल उतरवली, चालकाला काढून पुन्हा बसवले. जेवणाची सुट्टी संपायच्या आत वायफाय सुरू. खर्च शून्य. त्या दुकानदाराला मी लबाड म्हणत नाही. त्यालाही कोणी दैनंदिनी वाचायला शिकवले नसेल. पण त्या मुलीचे शिक्षण त्या चार आकडी रकमेवर अडू शकले असते, हे मला विसरता येत नाही.

चौथा प्रकार नावांचा. त्यावर थोडक्यातच लिहितो. पूर्वी लिनक्समध्ये पहिल्या कार्डाचे नाव ईथ-शून्य असे. कार्ड बदलले की काही प्रणाली जुन्या कार्डाची आठवण धरून बसत आणि नव्याला ईथ-एक म्हणत. सेटिंग मात्र ईथ-शून्यच्या नावे. सून बदलली, पण रेशनकार्डावर जुनेच नाव! २०१३ पासून सिस्टिम-डी या व्यवस्थेने कार्ड ज्या खाचेत आहे त्यावरून नाव द्यायची पद्धत आणली. ‘ईएनपी-३-एस-०’ म्हणजे ईथरनेट, तिसरी बस, शून्यावी खाच. हे बरे झाले, पण निर्दोष नाही. नवे ग्राफिक्स कार्ड घातल्यावर बसचे क्रमांक सरकले तर नाव बदलते आणि पुन्हा तीच ओरड होते. अशा वेळी ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्यावी आणि आज कोणते नाव आहे ते वाचून तेच सेटिंगमध्ये लिहावे. तिच्यातच ‘नो कॅरिअर’ असे शब्द दिसले तर कार्ड अगदी ठणठणीत आहे, वायर निघालेली आहे. टेबलाखाली वाकावे.

क्वचित कार्ड खरोखरच मरते. तेव्हाही दैनंदिनी सांगते. २००८ सालची गोष्ट प्रसिद्ध आहे. कर्नेलची २.६.२७ ही आवृत्ती चाचणीत असताना इंटेलची कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीतला मजकूरच पुसला जात होता, आणि चालक ‘या स्मृतीची बेरीज जुळत नाही’ असे सांगून काम नाकारी. संशय अर्थातच ई-१०००-ई या इंटेलच्या चालकावर. बिचारा पुरता बदनाम झाला. शेवटी ऑक्टोबरात गुन्हेगार सापडला तो तिसराच! कर्नेलच्या कामाचा माग काढणारी एफ-ट्रेस नावाची एक यंत्रणा जुन्या, रिकाम्या झालेल्या जागेवर लिहायला जात होती, आणि ती जागा तोपर्यंत कार्डाच्या स्मृतीला दिली गेली होती. भाडेकरू बदलला, पण पोस्टमनला ते ठाऊक नव्हते. ज्यांनी हे शोधून काढले, त्यांच्यापाशी काही जादू नव्हती. हाती आलेली प्रत्येक खूण त्यांनी नोंदली आणि एकेक शक्यता कमी केली.

लिनक्सच्या आरंभकाळातील कितीतरी ईथरनेट चालक एका माणसाने लिहिले, डोनाल्ड बेकर यांनी. ते अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करीत. १९९४ साली थॉमस स्टर्लिंग यांच्यासह त्यांनी साध्या बाजारी संगणकांची जोडणी करून बेओवुल्फ नावाचा संगणक-समूह उभा केला. महासंगणक विकत घेण्याची ऐपत नसेल तर साधी यंत्रे एकमेकांशी बोलती करावीत, हा विचार. आणि ती बोलती करायची तर कार्डे चालली पाहिजेत! आमच्या विभागात भिंतीकडे तोंड करून बसलेली सहा यंत्रे मी पाहतो तेव्हा मला हा इतिहास आठवतो. बेओवुल्फची यंत्रे ४८६ प्रोसेसरची होती, आमच्या या टाकलेल्या यंत्रांच्या तुलनेत अगदीच दुबळी.

आता मूळ तक्रारीकडे. आमच्या प्रॅक्टिकल परीक्षेत आज्ञा विचारतात, ‘एलएसचे उपयोग लिहा’, पाच गुण. बिघडलेले यंत्र समोर ठेवून ‘याला काय झाले आहे ते सांग’ असे कोणी विचारत नाही. का? तर यंत्र बिघडेल! बिघडलेले यंत्र बिघडेल, ही भीती मला समजत नाही. भंगाराच्या यादीतली ती सहा यंत्रे विद्यार्थ्यांच्या हवाली करावीत, प्रत्येकात मुद्दाम एकेक दोष ठेवावा, कोठे चालक काळ्या यादीत टाकावा, कोठे फर्मवेअर काढून घ्यावे, कोठे नुसती वायर सैल ठेवावी, आणि शोधून काढणाऱ्याला गुण द्यावेत. खर्च काही नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि ती आपल्या भागातली आहे. मराठी माध्यमातून आलेला आणि कन्नड माध्यमातून आलेला, दोघेही पडद्यावर इंग्रजीची रांग धावू लागली की डोळे मिटतात. त्यांना वाटते, हे आपल्यासाठी लिहिलेले नाही. वस्तुतः त्या दैनंदिनीतले इंग्रजी वर्तमानपत्राच्या इंग्रजीपेक्षा कितीतरी सोपे. शब्द तेच तेच. सापडले, सापडले नाही, भरता आले नाही, वेळ संपली, परवानगी नाही, जोड आली, जोड गेली. पंचवीस-तीस शब्द आले की निम्मी दैनंदिनी वाचता येते. तेव्हा माझ्या त्या मित्राने आणि मी मिळून एक तक्ता करायला घेतला आहे. एका बाजूला पडद्यावरचा शब्द, मग मराठी, मग कन्नड, आणि शेवटी ‘आता काय करावे’. प्रयोगशाळेच्या दारामागे लावायची परवानगी सरांनी दिली आहे. ड्रायव्हरसाठी आम्ही वादाची तयारी करून बसलो होतो, पण दोन्ही भाषांत चालक हाच शब्द निघाला. एकवीस शब्द झाले आहेत. फर्मवेअर मात्र दोन्ही रकान्यांत अजून कोरे आहे. मराठी किंवा कन्नड विभागाच्या वाचकांपैकी कोणाला बरा शब्द सुचला, तर तो मामांकडे चिठ्ठीवर लिहून ठेवावा.